तुम्ही कोण, हे कोण ठरवणार?

 

आपल्या भागात नवा माणूस भेटला की नावानंतर दुसराच प्रश्न येतो, आडनाव काय? आडनावावरून उलगडा झाला नाही, तर गाव कोणतं. गावावरूनही कळलं नाही, तर माहेर कोणतं. आणि तेवढ्यानंही समाधान झालं नाही, तर सरळच विचारतात, तुम्ही कोणाचे? दीपनगरला वीज केंद्र आलं, वसाहत झाली, तेव्हा कोकणातली, विदर्भातली, मराठवाड्यातली माणसं इथे राहायला आली. त्यांची आडनावं आपल्याकडे कुणी ऐकलेली नव्हती. अशा ठिकाणी हा प्रश्न किती वेळा विचारला जातो, ते वेगळं सांगायला नको.

ओट्यावर बसून विचारलेला हा प्रश्न एक. पण मोठा माणूस माइक हातात घेऊन, हजारो लोकांसमोर दुसऱ्याविषयी असं बोलतो तेव्हा? ‘ही जे सांगते ते ही नाहीच,’ असं म्हणतो तेव्हा? आज आपण त्याविषयी बोलणार आहोत.

२०२४ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. एका बाजूला डोनाल्ड ट्रम्प, दुसऱ्या बाजूला कमला हॅरिस. कमलाताईंचे वडील जमैका देशातले, काळ्या वंशाचे. आई श्यामला गोपालन आपल्या तमिळनाडूच्या. ३१ जुलै २०२४ रोजी शिकागो शहरात काळ्या पत्रकारांच्या संमेलनात ट्रम्प म्हणाले की, ह्या बाई आधी स्वतःला भारतीय म्हणवत होत्या आणि आता अचानक काळ्या झाल्या. खरं तर आई आणि बाप दोघांचाही वारसा त्या आधीपासून सांगत आल्या होत्या. त्याआधी बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना, ते अमेरिकेत जन्मलेच नाहीत अशी आवई उठवली गेली होती आणि तेव्हाही ट्रम्प तीच गोष्ट सगळीकडे बोलत होते. शेवटी एप्रिल २०११ मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्षाला आपला जन्माचा पूर्ण दाखला जगापुढे ठेवावा लागला.

आपल्याला वाटेल, हे तिकडचं. गोरे आणि काळे, आपला काय संबंध? पण आपल्याकडे वंशाच्या जागी जात आहे आणि हा प्रश्न आपल्याकडे अमेरिकेपेक्षाही जुना आहे.

शिवाजी महाराजांचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. इतके किल्ले घेतले, राज्य उभं केलं, तरी राज्याभिषेकाच्या वेळी ते क्षत्रिय आहेत का, अशी शंका काढली गेली. काशीहून गागाभट्ट आले आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी त्याच घराण्यात हाच प्रश्न पुन्हा आला. १८९९ साल, कार्तिक महिना. कोल्हापूरचे शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला गेले. भटजी मंत्र म्हणत होते. महाराजांच्या सोबत मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत होते. त्यांच्या लक्षात आलं की म्हटले जाताहेत ते मंत्र वेदातले नाहीत, पुराणातले आहेत. भटजींनी स्वतः अंघोळही केलेली नव्हती. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की शूद्रांसाठी पुराणातलेच मंत्र, त्याला अंघोळीची गरज नाही.

विचार करा. ज्याच्या राज्यात राहायचं, ज्याची दक्षिणा घ्यायची, त्या राजालाच सांगायचं की तू शूद्र आहेस. महाराजांनी हे सोडून दिलं नाही. राजवाड्यातले धर्मविधी वेदोक्त पद्धतीनं व्हावेत, असं त्यांनी सांगितलं. राजोपाध्यांनी नकार दिला. प्रकरण वाढत गेलं. त्याला ‘वेदोक्त प्रकरण’ असं नाव पडलं. सगळ्या महाराष्ट्रात वर्तमानपत्रांतून वाद पेटला. १९०१ साली लोकमान्य टिळकांनीसुद्धा ‘केसरी’त लिहिलं आणि वेदोक्ताच्या मागणीला खूळ म्हटलं. त्या काळी टिळकांचा शब्द केवढा मोठा होता! इंग्रजांविरुद्ध ज्यांच्याकडे सगळा देश बघत होता, तेच या वादात पलीकडच्या बाजूला उभे राहिले. १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांचं वतन काढून घेतलं. तक्रार व्हाइसरॉयपर्यंत गेली, पण महाराजांचा निर्णय टिकला.

या प्रकरणातली आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट मात्र मंत्रांची नाही. राजाला असं ऐकून घ्यावं लागतं, तर रयतेचं काय होत असेल, हे शाहू महाराजांनी ओळखलं. वाद चालू असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढला की संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. आज आपल्या मुलींना ज्या राखीव जागांमुळे शिक्षण आणि नोकरी मिळते, त्याची सुरुवात सांगताना हा हुकूम सांगावाच लागतो.

त्याच काळात इंग्रज सरकारही माणसांची ओळख ठरवत होतं, पण वेगळ्या पद्धतीनं. १९०१ च्या शिरगणतीचे प्रमुख होते हर्बर्ट रिस्ले. लोकांची नाकं मोजून कोणती जात कोणत्या वंशाची हे सांगता येतं, असं त्यांचं मत होतं. नाक जितकं रुंद, तितकी जात खालची, असा त्यांचा हिशेब. साहेब आणि शास्त्र दोन्ही एका बाजूला असल्यावर विरोध कोण करणार? पण तो झाला आणि मराठी माणसांनीच केला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात रिस्लेंच्याच मोजमापांचा पुन्हा हिशेब मांडला आणि हा नियम देशभर लागू होत नाही, असं दाखवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांवरच्या आपल्या ग्रंथात याच प्रकारच्या आकड्यांवरून सांगितलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत.

आणि एक बाई होत्या, इरावती कर्वे. महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. त्या शिकायला जर्मनीला, बर्लिनला गेल्या. त्यांचे गुरू ऑयगन फिशर तिथले फार मोठे प्राध्यापक. गोऱ्या लोकांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी वरची, अशी त्यांची धारणा होती. ती सिद्ध करायचं काम त्यांनी इरावतीबाईंना दिलं. बाईंनी कवट्या मोजल्या, मन लावून मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की असा काही फरक दिसत नाही. परक्या देशात, एकटी मराठी बाई, पदवी ज्यांच्या हातात त्या गुरूंचंच म्हणणं तिनं खोडलं. फिशर यांच्या विचारांचा पुढे हिटलरच्या राजवटीला उपयोग झाला. १९३५ मध्ये जर्मनीत कायदा आला आणि आजी-आजोबा कोण होते ते पाहून माणूस ज्यू आहे की नाही हे ठरू लागलं. माणसं आजोबांचे दाखले शोधत फिरू लागली. ज्यांच्यावर ज्यू असा शिक्का बसला, त्यांचं नागरिकत्व गेलं आणि पुढे लाखोंचे जीव गेले.

आजोबांचा दाखला म्हटल्यावर आपल्यातल्या पुष्कळ जणींना आपली धावपळ आठवली असेल. वंशावळ, निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल. पण इथे एक फरक नीट समजून घेऊ. जर्मनीत कागद मागितले ते हक्क काढून घ्यायला. आपल्याकडे राज्यघटनेनं याद्या केल्या त्या हक्क द्यायला. १९५० मध्ये अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या याद्या निघाल्या. ज्यांना पिढ्यानपिढ्या दूर ठेवलं, त्यांच्यासाठी जागा राखल्या. आता जागा राखली की ती खऱ्या माणसालाच मिळते का, हे पाहणंही आलं. खोट्या दाखल्यावर एखाद्यानं डॉक्टरकीची जागा घेतली, तर सातपुड्यातल्या एखाद्या पावरा, भिल्ल किंवा तडवी घरातल्या मुलीची जागा जाते. ती मुलगी तक्रार करायलाही येत नाही, कारण आपली जागा गेली हे तिला कळतच नाही. म्हणून पडताळणी नको, असं आम्ही म्हणणार नाही.

पण पडताळणी कशी करायची, यावर आपल्या राज्यात तीस-चाळीस वर्षं भांडण चाललं आहे. त्यात आपला खानदेश पुढे आहे. आधी या याद्यांना भागाची अट होती. अमुक जमात अमुक तालुक्यातच, असं लिहिलेलं होतं. १९७६ च्या कायद्यानं ही अट काढली आणि दावे वाढले. तापीकाठच्या गावांत घरातल्या जुन्या कागदावर नुसतं ‘कोळी’ लिहिलेलं असतं. यादीत मात्र महादेव कोळी, टोकरे कोळी, ढोर कोळी, मल्हार कोळी अशी नावं आहेत. नुसता कोळी त्या यादीत नाही. ठाकूर समाजाचंही तसंच. नाव एक, पण यादीतली जमात वेगळी आणि त्याच नावाचे दुसरे लोक वेगळे, असं सरकारचं म्हणणं. घरात आजोबांना विचारलं तर ते एक सांगणार, शाळेच्या मास्तरांनी रजिस्टरला दुसरंच लिहिलेलं.

मग न्यायचा कसा निवाडा? १९९४ मध्ये माधुरी पाटील यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पद्धत घालून दिली. समिती असावी, दक्षता पथकानं घरी जाऊन चौकशी करावी, अर्जदाराला आपली बाजू मांडू द्यावी. पुढे महाराष्ट्रानं त्यासाठी कायदा केला, तो २००१ पासून लागू आहे. चौकशीत रीतिरिवाजही विचारायचे. देव कोणते, लग्नात काय करता, मयतीला काय करता, बोली कोणती. ऐकायला बरोबर वाटतं. पण ज्या घरानं दोन पिढ्यांपूर्वी कामासाठी गाव सोडलं, जी मुलगी शहरात शिकली, तिला जुन्या सगळ्या रीती कुठून माहीत असणार? आदिवासीनं शिकू नये, बदलू नये, असं तर कुणी म्हणत नाही. मग बदलला म्हणून तो आदिवासी नाही, असं कसं म्हणायचं? २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठाकूर समाजाच्या संघटनेच्या खटल्यात सांगितलं की रीतिरिवाजांची परीक्षा हीच एकमेव कसोटी नव्हे आणि १९५० पूर्वीच्या जुन्या कागदांना सगळ्यात जास्त वजन द्यावं.

हे झालं कार्यालयातलं आणि कोर्टातलं. तिथे उशीर होतो, हेलपाटे होतात, पण बोलायची संधी असते. निकाल चुकला तर वर जाता येतं. आता टीव्हीवरचं बघू.

अमरावतीच्या नवनीत राणा आधी सिनेमात काम करायच्या. २०१९ मध्ये अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या मतदारसंघातून त्या खासदार झाल्या. त्यांच्या विरोधात हरलेले आनंदराव अडसूळ यांनी दाखल्याला आव्हान दिलं. जून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचा मोची जातीचा दाखला रद्द केला आणि दोन लाखांचा दंड केला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि दाखला वैध ठरला. म्हणजे एकाच बाईच्या एकाच दाखल्यावर दोन कोर्टांची दोन मतं. मधली तीन वर्षं सभांमधून, चर्चांमधून लोकांनी आपापला निकाल आधीच देऊन टाकला होता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये तेव्हाचे मंत्री नवाब मलिक आणि अधिकारी समीर वानखेडे यांचा वाद झाला. विषय सुरू झाला अमली पदार्थांच्या कारवाईपासून आणि पोहोचला अधिकाऱ्याच्या जन्मदाखल्यापर्यंत. हे जन्मानं मुसलमान आहेत, अनुसूचित जातीचा दाखला खोटा आहे, असा आरोप मंत्र्यांनी केला. वानखेडे यांचे वडील महार समाजाचे, आई मुसलमान. मग आईचं नाव, आईचा धर्म, पहिल्या लग्नाचा निकाहनामा, सगळं घरोघरच्या मोबाइलवर फिरलं. ऑगस्ट २०२२ मध्ये जात पडताळणी समितीनं निर्णय दिला की ते जन्मानं मुसलमान नाहीत आणि महार जातीचा त्यांचा दावा बरोबर आहे. आरोप ज्या जोरानं सगळीकडे गेला, त्या जोरानं हा निर्णय गेला नाही.

त्या अधिकाऱ्यानं कारवाई बरोबर केली की चूक, हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर ज्याचं त्याचं मत असू द्या. दाखल्याबद्दल संशय असेल, तर समितीकडे तक्रार करता येते. पण रोज सकाळी पत्रकारांपुढे एक एक कागद काढला, तर चौकशी मागे पडते आणि फक्त तमाशा उरतो. शिवाय अशा तमाशात शेवटी कुणाची तरी आईच चव्हाट्यावर येते.

आईवरून आठवण झाली. हैदराबाद विद्यापीठात शिकणारा रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला. त्यानंतर तो दलित नव्हताच, असं बोलायला सुरुवात झाली. केंद्रातल्या मंत्र्यांनीही तसं म्हटलं. कारण त्याचे वडील दुसऱ्या जातीचे. आई राधिका वेमुला माला समाजाच्या. नवऱ्यापासून वेगळं होऊन शिवणकाम करून त्यांनी मुलं वाढवली. ज्या बापानं सांभाळलं नाही, त्याची जात मुलाला आणि जी आई राबली, तिच्या जातीला मोल नाही, असा तो वाद होता. त्याआधीच, जानेवारी २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं होतं की आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाची धरली जाते, पण तो शेवटचा शब्द नव्हे. मूल आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाचं दुःख त्यानं भोगलं, हे दाखवता येतं. बहिणींनो, हा निकाल आपल्यापैकी ज्या जणी एकट्यानं मुलं वाढवतात, त्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता आपल्या ग्रामपंचायतीत येऊ. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बाईला आहेत. त्यांत राखीव प्रवर्गाच्या जागाही आहेत. राखीव जागेवर निवडून आलं की ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र द्यावं लागतं. नाही दिलं तर पद जातं. इथे बाईची अडचण दुप्पट होते. लग्नानं जात बदलत नाही, जात जन्माची. म्हणजे कागद हवेत ते माहेरचे. आजोबा, चुलते, भाऊ यांचे. माहेर दुसऱ्या तालुक्यात, कधी मध्य प्रदेशात. आजीचं तर शाळेत नावच नाही, तिचा कागद येणार कुठून? भावाशी वाटणीवरून बोलणं बंद असेल, तर तो वंशावळीला सही देत नाही. माहेर मध्य प्रदेशात असेल, तर तिथली जात इथल्या यादीत धरली जात नाही, हाही एक पेच.

आणि गावातला विरोधक नेमकं हेच हेरतो. बाईनं दारूचं दुकान बंद करायचा ठराव घेतला, पाणीपट्टीचा हिशेब मागितला, की पारावर कुजबूज सुरू होते, ‘ही खरी त्यातली नाहीच.’ कामावर बोलता येत नाही, म्हणून कुळावर बोलायचं. शाहू महाराजांना जे पंचगंगेवर ऐकावं लागलं, तेच वेगळ्या शब्दांत आपल्या सदस्य बाईला पारावर ऐकावं लागतं.

म्हणून आमचं गटांना एवढंच सांगणं आहे. कुणी दुसऱ्याची जात, वंश, धर्म काढला, की आधी तीन गोष्टी बघा. विचारतो कोण? विचारतो कुठे, समितीपुढे की माइकवर? आणि या प्रश्नामुळे कुणाचं काय जाणार आहे? एखाद्या गरीब मुलीची राखीव जागा वाचणार असेल, तर तक्रार लेखी द्या, समितीकडे द्या. फक्त कुणाला गप्प बसवायचं असेल, तर त्या बोलण्यात आपण आपला आवाज मिसळू नये.

दुसरी गोष्ट कामाची. निवडणूक लागायची वाट पाहू नका. पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की प्रत्येकीनं आपल्या माहेरच्या कागदांची यादी करावी. वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, निर्गम उतारा, जुनी जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना उतारा. भावाचं किंवा चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र झालेलं असेल, तर त्याची प्रत आधी मागून ठेवा, ते फार उपयोगी पडतं. जुन्या कागदात नाव किंवा जात वेगळी लिहिली असेल, तर वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. मुलीची शाळेत नोंद करताना स्वतः समोर उभं राहून काय लिहिलं ते वाचून बघा. मास्तरांनी घाईत लिहिलेल्या एका शब्दावर पन्नास वर्षांनी तिच्या नातीला कोर्टात उभं राहावं लागू शकतं.

गटात ज्या जणीला वाचता येतं, तिनं न येणारीसोबत तहसीलला जावं. सासरहून माहेरच्या तालुक्याला कागदासाठी जायचं, तर बसभाड्याची उचल गटातून द्यायला हरकत नाही. काही गट आजारपणाला उचल देतात, तशीच ही.